दोन सदऱ्यांचा सामना

माझ्या नवऱ्याने माझ्या भावाच्या नडगीवर हॉकीची स्टिक मारली आणि ती नडगी मधोमध मोडली. चेंडू तेव्हा तिथे नव्हता. तो पुढे निघून गेला होता, गोलात शिरत होता, आणि शिरताना त्याला कुणी पाहिलं नाही. वखारीत सुकी बाभळ फोडताना पहिल्या घावाला येतो तसा आवाज आला. दिगू ओरडला नाही. तो खाली बसला, आपल्या पायाकडे बघत राहिला, आणि मोजा फाडून जे पांढरं वर आलं होतं त्यावर त्याने तळहात ठेवला, दुधावर झाकण ठेवावं तसा. लकडी पुलावरून बघणारे लोक क्षणापूर्वी हसत होते. ते कठड्यावर वाकले.

मी रेषेपासून दहा पावलांवर बसले होते. शेजारी गोणपाटाची पिशवी होती आणि पिशवीत दिगूच्या नडगीच्या पट्ट्या होत्या. मध्यंतराला मी त्या त्याच्या पायांवरून माझ्या हातांनी सोडून घेतल्या होत्या.

दसरा झाला की आमच्या धायरीच्या बिल्डिंगमागच्या शाळेत हॉकी सुरू होते. निळा गालिचा अंथरलाय तिथे. त्यावर आधी पाणी मारतात आणि मग खेळतात. आमच्या वेळी पाणी आटायची वाट बघायचो, हे मुद्दाम ओलं करतात. पोरांच्या तोंडाला जाळ्या, दातांत रबर, हातात मोजे, पायांना कडक प्लॅस्टिक. मी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत मेथी निवडत बसते आणि ऐकते. आवाज बदललाय. लाकडाचा आवाज पोटात बसायचा, हा नुसता कानाला लागतो. ऊन मात्र तेच आहे. आश्विनातलं ऊन सकाळी दहालाच मानेवर बसतं आणि दुपारभर उठत नाही. ते मानेवर आलं की मला जवसाच्या तेलाचा वास येतो. घरात जवसाचं तेल नाही. असण्याचं कारणही नाही.

तो हंगाम पानशेतचं धरण फुटायच्या दोन-तीन वर्षं आधीचा. आम्ही नारायण पेठेत नदीच्या अंगाला राहत होतो, एका लाकडाच्या वखारीच्या मागे दोन खोल्यांत. नवरा वखारीत लाकडं फोडायचा. आमच्या वेळी बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मी लिहून टाकते, त्याचं नाव सदाशिव. तो आता ऐकायला नाही, आणि असता तरी मी लिहिलं असतं. दिगंबर माझा धाकटा भाऊ. आई गेल्यावर अकरा वर्षांचा असताना माझ्याकडे आला आणि राहिला. त्या वर्षी तो एकोणीसचा होता. अंगावर मांस नाही, गुडघे दारावरच्या कड्यांसारखे. पण चेंडू त्याच्या स्टिकला लागला की सुटायचाच नाही. पाच जणांमधून तो चेंडू घेऊन जायचा तेव्हा बघणाऱ्यांना वाटायचं, हे पाच जण मुद्दाम वाट देतायत.

पाऊस थांबून नदी उतरली की पात्रात मैदान व्हायचं. होत नसे, करावं लागे. चिखल सुकला की दगड वेचायचे, मुरूम टाकायचा, लाटायचा, पाणी शिंपून परत लाटायचा, फक्कीने रेषा मारायच्या. वर परटांचे कपडे वाळत असायचे, खाली म्हशी, आणि मध्ये आमच्या मंडळाचे अकरा जण. सुकत्या गाळाचा वास, म्हशींचा वास, आणि वखारीत स्टिकांना लावलेल्या तेलाचा. मी गोधड्या शिवायची. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि सुई हातात आली ती अजून आहे. मंडळाच्या गोलकीचे पॅड मीच शिवायची, कापूस ठासून, वरून जाड खादी. फॉरवर्ड लोकांच्या नडगीसाठी पट्ट्याही शिवायची. आत बांबूच्या चिपा, बाहेर गोधडीचं कापड, मागे बांधायला नाड्या.

त्या पट्ट्यांशिवाय त्या हंगामात कुणी टिकलं नसतं. लोक आता खेळ बघून म्हणतात, किती रफ. मी ऐकते. तेव्हा चेंडू अडवणं आणि माणूस अडवणं यात फारसा फरक कुणी करत नसे. कॅम्पातल्या एका संघाशी सामना होता, त्यात त्यांच्या एका बॅकने स्टिकची मूठ दिगूच्या तोंडावर घातली. दिगूने दात थुंकला, उचलला, मोज्यात घातला आणि खेळत राहिला. घरी आल्यावर तुरटीच्या पाण्याने गुळण्या करताना त्याने तो दात मला दाखवला. म्हणाला, "आक्का, हा परत बसवता येतो का?" मी म्हणाले, "तोंड बंद ठेवलं असतंस तर पडला नसता." दुसऱ्या दिवशी सदाशिव त्या बॅकची वाट बघत पुलाच्या तोंडाशी उभा राहिला आणि त्याने त्याचं मनगट मोडून घरी येऊन भाकरी खाल्ली. मी विचारलं, "कशाला?" तो म्हणाला, "आपल्या पोराला मारलं."

आपलं पोर. आणि त्याच पोराला सदाशिव रोज पहाटे पात्रात उभा करायचा आणि आठ पावलांवरून त्याच्या पायांवर चेंडू मारायचा. जोरात, लाकूड फोडायच्या ताकदीने. दिगूने उड्या मारून चुकवायचे. चुकवता आले नाहीत तर सोसायचे. "बाहेरचे मारणारच आहेत," सदाशिव म्हणायचा. "त्याआधी मी मारतो, म्हणजे भीती जाईल." भीती गेली हे खरं. पण मी रात्री हळदीचा लेप लावायची तेव्हा त्याच्या पोटऱ्या पिकल्या जांभळासारख्या असायच्या, आणि त्यातले निम्मे डाग घरचे असायचे.

खडकीकडच्या कामगारांचा एक संघ होता. दांडगी माणसं, कारखान्यात घण मारणारी. त्यांना दिगू हवा होता. बदल्यात ते अंतोन नावाचा फुलबॅक द्यायला तयार होते. शिवाय दिगूला कारखान्यात चिकटवतो, असंही म्हणाले.

परवाच आमचा नातू ओंकार आणि त्याची बहीण सोफ्यावर बसून मोबाइलमध्ये बघून भांडत होते. कुठल्याशा संघातला एकोणीस वर्षांचा फॉरवर्ड, त्याला द्यावा की ठेवावा.

"ट्रेड करायलाच पाहिजे. डिफेन्स बघ ना त्यांचा, जोक आहे."

"वेडा आहेस का? तो दोन वर्षांत स्टार होणार आहे."

"दोन वर्षं गोल खात बसायचं का मग?"

मी मेथी खाली ठेवली आणि विचारलं, "त्याला विचारलंय का कुणी?"

"आज्जी, त्याला काय विचारायचं? टीम ठरवते."

आमच्याकडेही तसंच होतं. मंडळाची पद्धत अशी, की ज्याचा विषय आहे त्याने बैठकीला थांबायचं नाही. दिगूला रूळ ओढायला पात्रात पाठवलं आणि बाकी सगळे रविवारी दुपारी वखारीत ओंडक्यांवर बसले. प्रत्येकाच्या मांडीवर स्टिक, मध्ये तेलाचा डबा. मी कोपऱ्यात गोलकीच्या पॅडचा उसवलेला टाका घालत होते, म्हणून मी तिथे. बायकांना बैठकीत जागा नव्हती, पण पॅडला होती.

मंडळाचे प्रमुख तात्या. शाळेत कारकून होते, निवृत्त झाले होते, आणि शाळेतली सगळी शिस्त घरी न नेता मंडळात घेऊन आले होते. ते म्हणाले, "विषय एक. खडकीवाले दिगंबरला मागतायत, अंतोन देतायत. ज्याला बोलायचंय त्याने बोलावं. ज्याला नाही त्याने तेल लावावं. दोन्ही एकदम करू नये, तेल सांडतं."

गोलकी बबन म्हणाला, "मागच्या हंगामात माझ्यावर किती गोल झाले हे सगळ्यांना माहीत आहे."

"आम्हाला माहीत आहे," तात्या म्हणाले. "तुला कसं कळलं? तू तर डोळे मिटून उभा होतास."

"हसा. पण पुढे अंतोनसारखा माणूस असला तर निम्मे तरी अडतील. दिगू गोल करतो, नाही कोण म्हणतं? आपण एक करतो आणि तीन खातो."

कुणीतरी म्हणालं, दिगू गेला तर तो एकही होणार नाही. कुणी म्हणालं, त्याला दिला तर महिन्याभरात तो आपल्याच गोलासमोर, डीमध्ये उभा दिसेल, तेव्हा कोण अडवणार आहे?

"मी अडवीन," सदाशिव म्हणाला. तोपर्यंत तो फडक्याने एकाच जागी तेल चोळत होता. "पण द्यायचा कशाला? पोर माझं आहे. आठ वर्षं माझ्या घरात जेवतोय."

"पोर तुझं नाही, सदाशिव. तुझा मेहुणा आहे," तात्या म्हणाले. मग माझ्याकडे वळले. का वळले देव जाणे, त्याआधी कधी वळले नव्हते. "वहिनी, तुमचं काय म्हणणं?"

मी सुई टोचून ठेवली. "द्या त्याला," मी म्हणाले. "इथे राहिला तर मरेल. तिकडची माणसं मोठी आहेत, निदान त्याच्या बाजूने उभी राहतील."

"इथे कोण मारतंय त्याला?" सदाशिवने विचारलं.

"तुम्ही."

 तात्यांनी मतं द्यायला सांगितलं. आमच्याकडे हात वर करत नसत. प्रत्येकाने आपली स्टिक जमिनीवर ठेवायची, द्यायचा असेल तर वाकडं टोक नदीकडे, ठेवायचा असेल तर भिंतीकडे. दहा स्टिका पडल्या. पाच नदीकडे, पाच भिंतीकडे, आणि बरोबरी झाली तर माणूस द्यायचा अशी रीत. बाहेर पाठवलेल्या दिगूच्या जागी तात्यांनी मत द्यायचं नाही असा नियम तात्यांनीच केलेला, म्हणून ते नुसते बघत होते. शेवटून दुसरी स्टिक बबनची. तो चुकून भिंतीकडे ठेवायला लागला, मग त्याने फिरवली. शेवटची सदाशिवची. त्याने ती हातात तोलली, माझ्याकडे बघितलं, आणि टोक नदीकडे करून ठेवली. त्याच्या मतावर दिगू गेला.

घरी आल्यावर त्याने माझ्या कानाखाली दिली. मी उलथनं फेकलं. त्याच्या भुवईवर खोक पडली आणि रक्त डोळ्यात गेलं. मग मीच ती बांधली. बांधताना तो म्हणाला, "तू म्हणालीस म्हणून दिला." मी म्हणाले, "मग हात कशाला उचलला?" तो म्हणाला, "तू म्हणालीस म्हणून."

आता त्या पद्धतीबद्दल सांगायला हवं. खेळाडू दुसऱ्या संघाला दिला, की मनात अढी राहू नये म्हणून दोन्ही संघांनी एक सामना खेळायचा. जाणाऱ्याने पहिला अर्धा जुन्या संघाकडून खेळायचा आणि दुसरा अर्धा नव्या संघाकडून. बदल्यात येणाऱ्यानेही तसंच. मध्यंतराला दोघांनी मैदानाच्या मधोमध उभं राहून सदरे बदलायचे, जुन्या संघाचं जे जे अंगावर असेल ते परत करायचं, आणि नव्याचं घालायचं. लोक हा सामना बघायला पुलावर गर्दी करायचे. अढी राहू नये म्हणून काढलेली पद्धत. कुणी काढली ते मला माहीत नाही, पण त्याने हॉकी खेळताना माणसांकडे बघितलं नसावं.

दिगूला बैठकीतला निकाल सांगितला तेव्हा तो रूळ सोडून धावत आला. त्याचा पहिला प्रश्न, "म्हणजे मला दोन्ही सदरे घालायला मिळणार?"

सामन्याच्या आधीच्या रविवारी अंतोन मैदान बघायला आला. दारातून वाकून आत आला. खडकीतच वाढलेला, मराठी चांगलं बोलायचा, थोडं हेल काढून. सात भाकऱ्या खाल्ल्या आणि आठवीला नको म्हणाला, पण ताट पुढे केलेलं तसंच ठेवलं. मग बाहेर सदाशिवबरोबर चार चेंडू मारले. सदाशिवचा फटका बघून म्हणाला, "दादा, तुम्ही लाकूड फोडता तसं मारता. चेंडू काही फुटत नाही." सदाशिव हसला. मला आठवतंय, कारण त्या आठवड्यात तो तेवढाच हसला. जाताना अंतोन दिगूच्या डोक्यावर थाप मारून म्हणाला, "मी इकडं, तू तिकडं. तिकडं सगळे चांगले आहेत. कँटीनचा चहा सोडून."

सामन्याच्या दिवशी ऊन पांढरं होतं. पात्रातले दगड तापले होते. पहिल्या अर्ध्यात दिगूने आमच्याकडून एक गोल केला. त्यांचा सगळा बचाव अंतोनवर होता, आणि अंतोनला चुकवून केला. अंतोनने त्याला उचलून खाली ठेवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यावर शिट्टी वाजून सगळे घरी गेले असते तर.

मध्यंतर झालं. मी पिशवी घेऊन मधोमध गेले, कारण शिवणारीने सामान गोळा करायचं ही रीत. तात्या शिट्टी गळ्यात घालून उभे. "मंडळाचं मंडळाकडे," ते म्हणाले. दिगूने सदरा काढला, दिला. स्टिक दिली. उघड्या अंगाने तो खडकीवाल्यांकडे निघाला.

"पट्ट्या," तात्या म्हणाले.

दिगू थांबला. "तात्या, पट्ट्या आक्काने शिवल्यात."

"शिवल्या मंडळासाठी. कापड मंडळाचं, बांबू मंडळाचा."

दिगूने माझ्याकडे बघितलं. मला बोलता आलं असतं. वखारीत बोलले होते, इथेही बोलता आलं असतं. पण शे-दोनशे माणसं बघत होती, आणि मंडळाच्या बाईने भावासाठी नियम मोडला असं कुणी म्हणू नये असं मला वाटलं. मी खाली बसले आणि नाड्या सोडल्या. घामाने भिजून गाठी घट्ट झाल्या होत्या, नखं घालावी लागली. "आक्का, गुदगुल्या होतायत," तो म्हणाला. पट्ट्या हातात आल्या तेव्हा गरम होत्या.

खडकीवाल्यांनी त्याला सदरा दिला. गुडघ्यापर्यंत आला. स्टिक दिली, ती चार बोटं लांब. पट्ट्या त्यांनी आणल्या नव्हत्या. त्यांना वाटलं, पोर आपल्या घेऊन येईल. आम्हाला वाटलं, ते देतील. त्याच्या उघड्या पायांकडे कुणी बघितलं नाही. मी बघितलं, आणि जाऊन माझ्या जागी बसले.

दुसऱ्या अर्ध्यात दिगूने पहिला गोल लगेच केला. दुसरा अंतोन आणि सदाशिव दोघांच्या मधून. परक्या लांब स्टिकने, उसन्या सदऱ्यात तो असा खेळला की पुलावरच्या आमच्याच लोकांनी त्याच्यासाठी शिट्ट्या मारल्या. एकोणीस वर्षांचा होता. दोन्ही बाजूंची माणसं आपल्याला बघतायत हे त्याच्या डोक्यात गेलं होतं. तिसऱ्या वेळी डीच्या तोंडाशी फक्त सदाशिव होता आणि मागे बबन. दिगू थांबला. सदाशिवने पाय रोवले. दिगूने चेंडू त्याच्या दोन पायांमधून सरळ मागे ढकलला. बबनने पुन्हा डोळे मिटले असावेत.

पुलावर हसण्याची लाट आली. कुणीतरी ओरडलं, "सदाशिव, पाय जुळव." दिगूला पुढे पळून जाता आलं असतं. तो सदाशिवच्या समोर उभा राहिला आणि हसत म्हणाला, "दाजी, दार उघडं राहिलं."

सदाशिवने स्टिक खांद्यामागे नेली. वखारीत नेतो तितकी मागे.

पुढचं मी पाहिलं तसं लिहिते. दिगू खाली बसला. मग खडकीची माणसं धावली. आमची माणसं त्यांच्यावर धावली. काठावरून लोक उड्या टाकून खाली आले. फक्कीची रेषा उडाली आणि सगळं पांढरं झालं. स्टिक हाडावर बसते तेव्हाचा आवाज आणि कवटीवर बसते तेव्हाचा, दोन वेगळे आहेत. त्या दिवशी मला ते ओळखता यायला लागले. बबनचा जबडा एका बाजूला गेला. तात्या शिट्टी वाजवत होते, वाजवतच राहिले, कुणीतरी ती त्यांच्या दातांतच फोडली.

अंतोन सगळ्यांच्या आधी दिगूपाशी पोचला होता. तो त्याच्यावर ओणवा झाला, दोन्ही हात जमिनीला टेकून, छप्पर करून. त्याच्या अंगात आमचा सदरा होता. खडकीवाल्यांना दिसलं, पेठेचा एक माणूस पडलेल्या पोरावर वाकलाय. त्यांनी त्याला मागून मारलं. आमच्या माणसांना त्याचा चेहरा दिसला. तो चेहरा खडकीचा. त्यांनी समोरून मारलं. तो "मी आहे, मी आहे" म्हणत होता. कुणाला सांगत होता, दोन्हीकडे सांगून उपयोग नव्हता.

आणि मी. माझ्या हातात दिगूची परत घेतलेली स्टिक होती. मी कधी उठले ते आठवत नाही. मी ती तीन वेळा फिरवली. पहिली सदाशिवच्या पाठीवर बसली. दुसरी त्याच्या खांद्यावर, आणि तो बाजूला झाला. तिसरी फिरवली तेव्हा डोळ्यांत फक्की होती. समोर आमचा सदरा होता, वाकलेला. मला वाटलं, आमच्यातलाच कुणीतरी दिगूला मारतोय. तिसरी कुठे बसली ते मी पाहिलं नाही. बसली एवढं हाताला कळलं.

धुरळा खाली आला तेव्हा अंतोन दिगूवर पालथा पडला होता आणि त्याच्या कानातून रक्त येत होतं. दिगू त्याच्याखालून म्हणत होता, "आक्का, ह्याला उचला, हा जड आहे." वखारीतली हातगाडी आणली. दोघांना शेजारी शेजारी ठेवलं. गाडी सदाशिवने ओढली. त्याचा डावा खांदा वर जात नव्हता, मी मारलेला, म्हणून त्याने दांडी उजव्या हाताने आणि छातीने ढकलली. 

पोलिसांनी मैदानातल्या सगळ्या बावीस स्टिका गोळा केल्या आणि मोळी बांधून नेल्या. फौजदाराने मला विचारलं, "बाई, तुम्ही काय पाहिलं?" मी सांगितलं, पोराचा पाय माझ्या नवऱ्याने मोडला, चेंडू तिथे नसताना. सदाशिव समोर उभा होता. त्याने होकारार्थी मान हलवली. त्याला त्या पायासाठी दीड वर्षाची शिक्षा झाली, येरवड्यात. अंतोनसाठी कुणालाच काही झालं नाही. इतक्या जणांत कुणाचा घाव ते ठरवता येत नाही म्हणाले. बाईच्या पिशवीत काय आहे हे कुणी विचारलं नाही. पिशवीत पट्ट्या होत्या आणि स्टिक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती स्टिक दोन तुकडे करून बंबात घातली. तेल मुरलेलं लाकूड, लगेच पेटलं. त्या पाण्याने अंघोळ करून मी इस्पितळात डबा घेऊन गेले.

सदाशिव सुटून आला तेव्हा मी दार उघडलं आणि पाट मांडला. त्यानंतर तीस वर्षं आम्ही एका घरात राहिलो. मुलगा झाला. सदाशिवने पुन्हा हॉकीला हात लावला नाही आणि माझ्यावर हात उचलला नाही. एकदा, म्हातारपणी, जेवताना मधेच म्हणाला, "तुझी धरून तेवीस होत्या." मी त्याच्या पानात भात वाढला. आमचं याविषयी एवढंच बोलणं झालं.

हे मी आजपर्यंत लिहिलं नव्हतं. माफी मागायला लिहीत नाही. ज्याची मागायची तो नाही, आणि त्याच्या माणसांना मी तेव्हा तोंड दाखवलं नाही. ती माणसं त्याला बघायला इस्पितळात यायची तेव्हा मी पदर ओढून खिडकीकडे तोंड करायची. मी बरोबर म्हणाले होते की नाही, दिगूला द्यावं की ठेवावं, यावर मी पुष्कळ वर्षं विचार केला. द्यायलाच हवं होतं. अजूनही मी तेच म्हणेन. फक्त देताना त्याला उघड्या पायांनी पाठवायचं नव्हतं. आणि ते वखारीत कुणी ठरवलं नव्हतं, ते ऐनवेळी मी केलं.

इस्पितळात दोघांच्या खाटा एकाच दालनात होत्या, मध्ये एक रिकामी. अंतोन शुद्धीवर आला नाही. त्याचा श्वास घोरल्यासारखा होता, दिगूला झोप लागत नसे, आणि तो श्वास मधेच थांबला तरी दिगूला झोप लागत नसे. तिसऱ्या दिवशी दिगूच्या जखमेतून वास यायला लागला. बोटं काळी पडली. डॉक्टर म्हणाले, पाय ठेवला तर माणूस जाईल. संमतीच्या कागदावर अंगठा मी दिला, कारण दिगू तापात होता आणि दुसरं कुणी नव्हतं. सही करता येते मला, पण त्या दिवशी हात चालला नाही. दिगूला आत नेताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "आक्का, खडकीचा सदरा त्यांना परत कर."

मी तो धुवून परत केला. पाय गुडघ्याखाली कापला. अंतोन चौथ्या दिवशी दुपारी गेला. दिगू जगला.